बाटल्यांचे मोजे

"यंदा मोजे तुम्ही घालायचे, जावईबापू," सासरे म्हणाले, आणि जावयाच्या हातातला कप बशीवर असा काही आदळला की सासूबाईंनी आतून विचारलं, "फुटला का गं?"

"नाही फुटला," लेकीने ओरडून सांगितलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. कप धड होता. नवऱ्याचं अवसान मात्र पार गळालं होतं.

मोजे म्हणजे पायातले नव्हेत. या घरात बाटल्यांना मोजे असत. सासरे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून साहेब होऊन निवृत्त झालेले. आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टी जीव ओतून केल्या, एक सिग्नल आणि दुसरी स्कॉच. पिण्याचं म्हणाल तर चिमणीच्या चोचीत मावेल एवढंच. पण ग्लास नाकाशी नेऊन ते डोळे मिटून बसले की बघणाऱ्याने आपला श्वाससुद्धा हळू घ्यावा, असं ते दृश्य असे. कुठली स्कॉच शेरीच्या पिंपात मुरली, कुठलीचे जव कसल्या धुरावर वाळवले, कुठल्या गोदामाला समुद्राचा वारा लागत होता, हे सगळं ते नाकाने सांगत. आणि गंमत म्हणजे ते बरोबर असे.

दरवर्षी एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे सामना रंगायचा. दुपारीच, कारण संध्याकाळपर्यंत नाक दमतं, असं त्यांचं मत. सासरे, ज्यांना दोस्त 'सिग्नल' म्हणत, दातांचे डॉक्टर आणि घड्याळवाले, असे तीन जुने दोस्त. बाटल्यांची लेबलं झाकायला सासूबाईंनी विणलेले लोकरीचे मोजे चढवायचे. स्वयंपाकघरात, दार लावून, एकाच माणसाने ओतायचं. ग्लास निळ्या काचेचे, म्हणजे आतल्या रंगावरून अंदाज बांधायला नको. ग्लासाच्या देठाला ज्या त्या मोज्याच्या रंगाचा धागा बांधायचा. वास घेऊन कुठल्या धाग्याला कुठली स्कॉच ते सांगायचं. शेवटी बाटल्या बाहेर आणून सर्वांसमक्ष मोजे उतरवायचे. जो जिंकेल त्याला वर्षभर नाक मिळायचं. हे नाक लाकडाचं, रुळांखालच्या जुन्या स्लीपरमधून कोरून घेतलेलं, चांगलं वीतभर. ते आजवर सासऱ्यांच्या शोकेसमधून हललं नव्हतं. डॉक्टर दर वर्षी त्या नाकाची जागा आपल्या दवाखान्यात आधीच पुसून ठेवत आणि दर वर्षी ती तशीच रिकामी राहत असे.

आजवर मोजे चढवायचं काम सासूबाईंचं. पण गेल्या वर्षी ऐन शेवटच्या फेरीत त्यांना ठसका लागला आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे हरकत घेतली.

"वहिनी, हा ठसका आहे की सिग्नल?"

"मिरची उडाली नाकात!"

"बरोबर समुद्रवाली आली तेव्हाच उडाली?"

त्यावरून सासूबाई महिनाभर डॉक्टरांशी बोलल्या नव्हत्या. दाढ दुखत होती तरी बोलल्या नाहीत. तेव्हा यंदा ओतणारा माणूस नवा हवा, तटस्थ हवा, असं ठरलं.

"जावई घरचाच की," घड्याळवाले म्हणाले होते.

"घरचा असता तर त्याला एवढा आग्रह करून वाढलं असतं का?" डॉक्टरांनी निकाल दिला. "जावई चालेल मला."

आणि चालणार नव्हता तो नेमका जावईच! कारण या गृहस्थाला लाल आणि हिरवा यातला फरक कळत नव्हता. जन्मापासूनच. दोन्ही रंग त्याला चिखलाच्या दोन डबक्यांसारखे दिसत. शाळेत भूमिती शिकवायचा, काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने वर्तुळं काढायचा, सुखात होता. शाळेने फळे बदलून हिरवे बसवले ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मुलांनीच एकदा सांगितलं.

बायकोला हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं. सासऱ्यांना मात्र त्याने सांगितलं नव्हतं, आणि का सांगितलं नव्हतं ते ऐकलंत तर तुम्हीही त्याला दोष देणार नाही. सासऱ्यांनी खात्यात असताना कित्येक वर्षं भरतीच्या उमेदवारांचे डोळे तपासले होते. जुनी पद्धत. टेबलावर रंगीत लोकरीच्या लडींचा ढीग टाकायचा आणि म्हणायचं, हिरव्या वेगळ्या काढ. ज्याने लाल उचललं त्याला एकच शब्द, "पुढचा!" ती पद्धत मोडीत निघाली तेव्हा उरलेल्या लडी साहेब घरी घेऊन आले, आणि बाटल्यांचे मोजे त्याच लोकरीचे होते. जावई पहिल्यांदा या घरी आला तेव्हा गप्पांच्या ओघात सासरे म्हणालेही होते, "ज्याला लाल-हिरवं कळत नाही त्याच्या हातात गाडीच काय, मी छत्रीसुद्धा देणार नाही." एवढं बोलून ते बराच वेळ जावयाच्या पायांकडे बघत बसले होते. आपण पाय नीट जुळवून बसलो नाही की काय, या धास्तीने जावयाने ते खुर्चीखाली ओढून घेतले होते. त्या दिवशी घशात अडकलेली गोष्ट अजून तिथेच होती.

"सांगून टाक की बाबांना," मोज्यांचं काम गळ्यात पडलं त्या रात्री बायको म्हणाली.

"आणि ते 'पुढचा!' म्हणाले तर?"

"आता कुठून आणणार आहेत ते पुढचा?"

"तुला चेष्टा सुचते. ते माणूस म्हणून मला मान देतात गं. तो गेला तर?"

खरं तर गोष्ट उलटी होती; जावईच सासऱ्यांना देवासारखं मानत होता. दर रविवारी तो त्यांच्या शेजारी बसून वास घ्यायला शिकत होता आणि एवढ्या महिन्यांत त्याला 'हिला वास आहे' इथपर्यंत मजल मारता आली होती. शेवटी बायकोने युक्ती काढली. सामन्याच्या आदल्या दिवशी तिनेच त्याला मोजे निवडून दिले. निळा आणि पिवळा तर त्याचे मित्रच होते. प्रश्न शेवटच्या जोडीचा. स्कॉटलंडच्या एकाच बेटावरच्या दोन धुरकट बहिणी, एक समुद्राकाठची, दुसरी डोंगरातली. समुद्रवालीला लाल मोजा, डोंगरवालीला हिरवा. धागेही तिने कापून बशीत ठेवले आणि प्रत्येक हिरव्या धाग्याच्या टोकाला बारीकशी गाठ मारली.

"गाठ लागली बोटाला की हिरवा. डोळे मिटून बांधलास तरी चुकणार नाहीस."

"तू नसतीस तर माझं काय झालं असतं?"

"चुकीच्या रंगाचा शर्ट घालून फिरला असतास," ती म्हणाली.

रविवार उजाडला. डॉक्टर आले ते कमरेला बंदूक लावल्यासारखे. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा केले, सासूबाईंना आणि लेकीला वरच्या मजल्यावर शेजारणीकडे पाठवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराकडे खुर्ची लावून बसले. बर्फाचा या घरात उच्चारही होत नसे, त्यामुळे ती शंका नव्हती. पाणी थेंबाने घालायला ड्रॉपर होता, तो डॉक्टरांनीच दवाखान्यातून आणलेला.

निळी-पिवळी फेरी सुरळीत पार पडली. घड्याळवाले दर वर्षीप्रमाणे पहिल्याच फेरीत बाद झाले आणि दर वर्षीप्रमाणे आनंदाने पाय पसरून प्रेक्षक झाले. उरले सासरे आणि डॉक्टर.

जावई शेवटच्या फेरीसाठी आत आला, दार लावलं आणि पहिल्या फेरीच्या गडबडीत न दिसलेलं आता त्याला दिसलं. ओटा लख्ख पुसलेला. उजवीकडची बाटली डावीकडे, डावीकडची खिडकीत. सासूबाईंनी शेजारणीकडे जाता जाता हात फिरवला होता. पुसल्याशिवाय त्यांचा पाय घराबाहेर पडत नसे. जावयाने एका मोज्याची कड जराशी खाली करून लेबल वाचलं. ही समुद्रवाली. म्हणजे हा लाल. आपल्या हुशारीवर खूश होऊन त्याने ग्लास भरले, समुद्रवालीचे इकडे, डोंगरवालीचे तिकडे, आणि धाग्यांची बशी ओढली.

धागे होते. गाठी नव्हत्या.

त्याने एकेक धागा बोटांतून ओढून पाहिला. सगळे कसे मऊ, सरळ, कात्रीने टोकं सारखी केलेले. बशीसुद्धा धुऊन पुसून ठेवली होती. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने एक धागा मोज्याला लावून पाहिला, मग दुसरा. खिडकीशी नेला. एक डोळा मिटला. चिखल तो चिखलच.

"झालं का रे?" दाराबाहेरून डॉक्टर.

"होतंय, होतंय!"

"ओततोयस की गाळतोयस?"

विचारावं तर डॉक्टरांना विचारावं लागणार, 'हा धागा कुठल्या रंगाचा हो?' की झाली दवंडी. जावयाने मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली, जरासा उजळ वाटणारा धागा लाल ठरवला आणि गाठी मारल्या.

मग जे झालं ते बघायला तुम्ही तिथे हवे होतात. डॉक्टरांनी आपले दोन्ही ग्लास धसमुसळेपणाने हुंगले, डोकं खाजवलं, पुन्हा हुंगले आणि जाहीर केलं, "लाल धागा समुद्रवाली. हिरवा डोंगरवाली. बस्स!" नाक ज्याच्या घरी त्याने शेवटी बोलायचं, असा नियम. सासऱ्यांनी ग्लास उचललेच नाहीत. आधी नुसते समोर ठेवून बसले, पाहुण्याला दम खाऊ द्यावा तसे. मग हिरव्या धाग्याचा ग्लास नाकाखाली आला, ओठ जरासे विलग, डोळे मिटलेले. घड्याळवाल्यांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हाताने झाकलं, टिकटिक नको म्हणून. ड्रॉपरमधून पाण्याचा एक थेंब पडला.

"बंदरावरची ओली दोरी," सासरे हलकेच म्हणाले. "दोरीला डांबर आहे. आणि लांब कुठेतरी मासळी नाही, पण मासळीचा बाजार धुऊन काढलाय." मग दुसरा ग्लास. "ही शेकोटी. विझलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वेटरला येतो ना, तो धूर. मागून जरासा मध." त्यांनी डोळे उघडले. "हिरवा धागा समुद्रवाली. लाल धागा डोंगरवाली."

काय तो माणूस! जावयाच्या अंगावर काटा आला. आणि दुसऱ्याच क्षणी तो काटा आत टोचला, कारण सासरे चुकणं शक्य नव्हतं आणि समुद्रवाली तर लाल मोज्यात होती.

बाटल्या बाहेर आल्या. डॉक्टरांनी स्वतः लाल मोजा उतरवला, लेबल वाचलं आणि त्यांचा आवाजच चिरकला. "समुद्रवाली! लाल... लाल समुद्रवाली! अरे, मी जिंकलो!"

सासऱ्यांनी बाटलीकडे पाहिलं. मग ग्लासाकडे. मग क्षणभर जावयाकडे. त्या नजरेत काय होतं ते जावयाला कळलं नाही, कारण तो त्या वेळी फरशीतल्या भेगा तपासत होता. सासरे उठले, शोकेस उघडली, लाकडी नाक आपल्या रुमालाने पुसलं आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांना दिलं.

"हरलो म्हणजे हरलो. जप हो त्याला. उन्हात ठेवू नकोस, तडकेल."

पाहुणे गेल्यावर सासरे जाऊन गॅलरीत बसले. शोकेसमध्ये नाकाच्या जागी धुळीचा एक चौकोन उरला होता. सासूबाई तो पुसायला फडकं घेऊन गेल्या आणि न पुसताच परत आल्या, यावरून घरातल्या हवेची कल्पना करा.

बायको ग्लास धुवायला घेत होती. सासऱ्यांच्या हिरव्या धाग्याच्या ग्लासात तळाशी थोडं उरलं होतं. तिने सहज नाकाशी नेलं आणि थबकली.

"ही समुद्रवाली आहे."

"कशावरून?" जावयाने बारीक आवाजात विचारलं.

"ओल्या दोरखंडाचा वास येतोय की. बंदरावर असतात तसल्या. पण समुद्रवालीला तर आपण लाल..." तिने धाग्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "गाठी लागल्या नाहीत तुला?"

"गाठी नव्हत्याच गं."

"त्या होय?" सासूबाई आत येत म्हणाल्या. "कापल्या मी. चांगल्या लोकरीला कोण मेलं गाठी मारून ठेवतं? बघवत नव्हत्या."

गॅलरीतून सासऱ्यांचा आवाज आला. घड्याळवाल्यांशी फोनवर बोलत होते. "नाही रे, वाईट कसलं वाटायचं. नाकही म्हातारं होतंच की कधीतरी."

झालं. घरी गेल्यावर जावयाला रात्रभर झोप नाही. ज्या नाकाला सगळं आयुष्य जपलं, ते म्हातारं झालं असं त्या माणसाला आपल्यामुळे वाटावं! सकाळी बायको उठायच्या आत त्याने हाताला लागले ते कपडे चढवले, बुटात पाय कोंबले आणि थेट डॉक्टरांचा दवाखाना गाठला. बेत साधा होता. डॉक्टरांना एकट्यात गाठायचं, खरं सांगायचं, नाक परत न्यायचं आणि सासऱ्यांना कळू द्यायचं नाही.

दवाखान्यात कोणी नव्हतं. काचेच्या फळीवर, दातांच्या कवळ्यांच्या मधोमध, ते नाक विराजमान झालं होतं.

"ये ये! अरे, चेहरा केवढा सुजलाय तुझा! रात्रभर झोपला नाहीस ना? दाढ!" डॉक्टरांनी त्याला खुर्चीत ढकललंच. "आ कर."

"नाही डॉक्टर, मी आलो होतो ते..."

"आ!"

खरं बोलायला उघडलेल्या तोंडात आरसा गेला, मग टोकदार काहीतरी गेलं, आणि दुर्दैव असं की खरोखरच तिथे एक किडकी दाढ निघाली. डॉक्टरांनी सुई टोचली, कापूस भरला आणि अर्धा जबडा बधिर होईपर्यंत वाट पाहत स्टुलावर बसले.

"एक सांगू का तुला? कोणाला बोलू नकोस." डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला. "मी काल अंदाजपंचे बोललो. मला दोन्ही सारख्याच लागल्या. आता तूच सांग, त्या माणसाला ओळखता आली नाही आणि मला आली? अरे, त्याचं नाक म्हणजे... मी तीस-चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघतोय, पण असं नाक असलेला माणूस दुसरा पाहिला नाही. मी त्याच्याकडे जिंकायला जातो असं वाटतं का तुला? मी त्याला वास घेताना बघायला जातो. हरलो तरी दिवस चांगला जातो."

जावयाने दोन्ही हात हलवले. "आ... आंगे... हे..."

"हलू नकोस. म्हणजे तुलाही तेच वाटतं तर!" डॉक्टर ताडकन उठले. "तो मुद्दाम हरला! पुढच्या महिन्यात मी दवाखाना बंद करतोय ना, म्हणून माझी कीव केली त्याने! म्हाताऱ्याला एकदा खेळणं देऊन टाकू म्हणून!"

"आई! आई!" जावई जिवाच्या आकांताने मान हलवत होता. तो 'नाही' म्हणत होता, पण बधिर ओठांतून जे बाहेर पडत होतं ते ऐकून डॉक्टरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"दुखतंय ना? थांब, येऊन बघतो. आधी तुझ्या सासऱ्याला बघतो." आणि नाक काखोटीला मारून डॉक्टर पांढऱ्या कोटातच रस्त्यावर.

पुढे डॉक्टर, मागे छातीवर निळा कागदी रुमाल बांधलेला जावई, अशी ही मिरवणूक घरी पोहोचली. दारात चपला काढायचं भान डॉक्टरांना राहिलं, जावयाला राहिलं नाही. आत नवऱ्याला शोधत आलेली बायको आईशी बोलत उभी होती. डॉक्टरांनी नाक टेबलावर ठेवलं.

"सिग्नल, खरं सांग. मुद्दाम हरलास की नाही?"

सासरे वर्तमानपत्र वाचत होते. ते त्यांनी नीट घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "हो. मुद्दाम हरलो."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्या एवढ्या आडव्या माणसाचे डोळे भरून आले. "एवढ्या वर्षांची दोस्ती, आणि मला भीक घातलीस?" त्यांनी पाठ फिरवली. "पुढच्या वर्षीपासून मी येणार नाही."

सासऱ्यांनी उठायला खुर्चीचा हात धरला, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ते बघून जावयाने शोकेसच्या खालच्या खणातून बाटल्यांचे मोजे ओढून काढले, एकत्र गुंडाळलेले दोन न बघताच दोन्ही हातांत धरले आणि दारात डॉक्टरांच्या आडवा उभा राहिला.

"हा..." त्याने एक हात वर केला. "हिव्वा." दुसरा वर केला. "हा लाऽ." मग गोंधळून हातांची अदलाबदल केली. "नाई, हा हिव्वा." डोळ्यांतून पाणी, ओठांतून लाळ. "मना लंग कलत नाईत! धागे... मी चुकनो! बाबा नाई चुकने!"

त्याच्या उजव्या हातात लाल मोजा होता आणि डाव्या हातात, सासूबाई घाईघाईने आवरताना जोडी चुकल्यामुळे, निळा.

"हा निळा आहे, जावईबापू," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"तो मना कलतो!" जावई ओरडला. "दुशला कुथे गेला?"

डॉक्टर आधी हसले. हसता हसता स्टूल शोधू लागले. "म्हणजे धागेच उलटे बांधले याने? मग सिग्नल, तू... तुला ठाऊक होतं?"

"ग्लासात समुद्र होता," सासरे म्हणाले. "बाटलीवर लेबल खरं होतं. मधे एकच माणूस होता. त्यात ओळखायचं काय?"

"मग बोलला का नाहीस, गाढवा? नाक घालवून बसलास!"

"चारचौघांत काय म्हणू? माझ्या जावयाला लाल-हिरवं दिसत नाही म्हणू?" सासरे चिडूनच म्हणाले. "नाक काय, लाकडाचं आहे."

जावई मटकन खाली बसला. "तुम्हाना... थाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही या घरात पाऊल टाकलंत तेव्हापासून."

"मग छत्री... 'पुधचा' का नाई म्हनानात?"

"म्हणणारच होतो. मग तुम्ही दोघं परत निघालात तेव्हा गॅलरीतून बघत होतो. चौकात दिवा होता. तुम्ही दिव्याकडे बघितलंच नाहीत, हिच्याकडे बघितलंत. ही थांबली, तुम्ही थांबलात. ही चालली, तुम्ही चाललात. मी म्हटलं, या माणसाला अपघात होणार नाही."

बायकोने नवऱ्याच्या हनुवटीवरची लाळ पदराने पुसली आणि स्वतःचे डोळेही त्याच पदराने पुसले. सासूबाईंनी नाक ओढलं. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आता हा ठसका नाही ना?" आणि सगळ्यांना बरं वाटलं.

"चला, म्हणजे नाक तुझंच," त्यांनी टेबलावरचं नाक सासऱ्यांकडे सरकवलं. "पण मला एक सांग. धागे उलटे होते हे याला तरी कसं कळलं?"

जावयाने बायकोकडे बोट केलं. "हिने. उश्त्या ग्नासातून. वासावलून."

सासऱ्यांनी मान वळवली. "तू ओळखलीस? कशी?"

"त्यात काय, बाबा. ओल्या दोरखंडाचा वास होता. बंदरावरच्या."

ती काल वरच्या मजल्यावर होती. खाली कोण काय बोललं ते तिने ऐकलं नव्हतं. सासरे लेकीकडे असे बघत राहिले जणू ती आत्ताच जन्मली आहे. त्यांनी कितीतरी रविवार जावयाला शेजारी बसवून शिकवलं होतं, आणि मागे ग्लास धूत उभ्या असलेल्या पोरीला एकदाही विचारलं नव्हतं.

"तळाशी उरलेल्या थेंबातून," ते स्वतःशीच म्हणाले. "पाण्याशिवाय." त्यांनी नाक उचललं, रुमालाने पुसलं आणि दोन्ही हातांनी लेकीच्या हातात ठेवलं. "माझ्या शेजारी बसायचं आता. ग्लास डॉक्टर धुतील."

"मी का?" डॉक्टर म्हणाले, पण कुरबुर न करता.

"आणि मोजे?" घाबरत घाबरत जावयाने विचारलं. "मोजे कोन घालनाल?"

"तुम्हीच," सासरे म्हणाले. "कोणाला सिग्नल द्यायची सोयच नाही तुमची. इतका प्रामाणिक माणूस कुठे मिळणार? ही गाठी मारून देईल, आणि आमच्या घरातली कात्री त्या दिवशी मी लपवून ठेवीन."

जावयाच्या छातीवरचा धोंडा उतरला. एकच गोष्ट त्याला कळत नव्हती. "पन बाबा, पहिन्या दिवशी तुम्हाना कलनं कशं? मी तल लंगाबद्दन एक अक्षल बोनलो नवतो!"

सासरे मिशीतल्या मिशीत हसले. "खात्यातली गोष्ट आहे ती, जावईबापू. सांगत नसतात."

"अगं बाई!" सासूबाई एकदम किंचाळल्या. "जावईबापू, बूट! सगळ्या फरशीवर बुटांचे ठसे!"

जावई ओशाळला. तसाच एका पायावर उडी मारत दारापाशी गेला, वाकून दोन्ही बूट काढले, भिंतीशी सरळ लावून ठेवले आणि हसऱ्या तोंडाने मागे वळला. डॉक्टरांची नजर त्याच्या पायांकडे गेली. सासूबाईंची गेली. बायकोने कपाळाला हात लावला. एका पायात लाल मोजा होता, एका पायात हिरवा.

डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासऱ्यांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "चहा घेणार ना?"